लिंबाची ओळ

आमची सून अलका भित्री आहे. हे मी तिच्या पाठीमागे बोलत नाही, तोंडावर बोलते, आणि ती "हो अत्ते, आहे मी," म्हणून पोळी लाटत राहते. सासूला अत्ते म्हणायचं हे आमच्या बेंगळूरच्या घरांतलं, कानडीतून आलं आणि राहिलं. तर अलका गॅसचा नॉब बंद करते, दारापर्यंत जाते, परत येऊन नॉब बघते, चप्पल घालते आणि चप्पल काढून पुन्हा बघायला येते. रिक्षात एका हाताने माझा दंड धरते, दुसऱ्या हाताने पुढचा दांडा, आणि "अण्णा, स्वल्प निधान, हळू जरा," असं म्हणत राहते. रिक्षा सिग्नलला उभी असली तरी म्हणते.

ती लग्न होऊन आली तेव्हा मी आमच्या ह्यांना म्हणाले होते, ही पोरगी स्वतःच्या सावलीला भिते, संताजीचं कसं व्हायचं. आमचे हे, नागोजीराव, पीण्याच्या कारखानेवस्तीत पत्रा दाबायच्या प्रेसवर होते. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं त्या प्रेसनेच नेली होती. तो हात त्यांनी माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "भिऊ दे तिला. मी भ्यायलो नव्हतो." मग चहा मागितला. हे आता नाहीत, पण त्या दिवशी टॉवेलात गुंडाळलेला हात घेऊन घरी आले होते तेव्हाचा तेलाचा आणि रक्ताचा वास अजून माझ्या नाकात आहे. मशीन म्हटलं की मला आधी तो वास येतो.

अलकाचे वडील आमच्याच चामराजपेटेत शिंपीकाम करायचे. मुलीला त्यांनी डिप्लोमाला घातलं. शिकून ती पीण्यातल्या मल्लाप्पाच्या शेडमध्ये, म्हणजे छोट्या कारखान्यात, लागली. शेडमध्ये बाई अशी ती एकटीच. आमचा संताजी तिथे मशीनवर उभा राहायचा, अजूनही राहतो. लग्न आपण जुळवलं असं मल्लाप्पा सांगत फिरतो. त्याने काही जुळवलं नाही, त्याने फक्त दोघांना एकाच वेळी चहाची सुट्टी दिली.

तिचं काम काय ते मला समजायला बरीच वर्षं गेली. आता लोखंड कापायची मशीनं माणसाच्या हाताने चालत नाहीत. कुठे जायचं, किती खोल जायचं, किती वेगाने जायचं, हे त्यांना ओळीओळींनी लिहून द्यावं लागतं. इंग्रजी अक्षरं आणि आकडे. त्याला प्रोग्राम म्हणतात. माझे गुडघे गेल्यावर अलकाने शेडची नोकरी सोडली आणि घरूनच हे लिहायचं काम घेतलं. पीण्यात आणि बोम्मसंद्र्याला कितीतरी अशा छोट्या शेडी आहेत, ज्यांना लिहिणारा माणूस पगारावर ठेवणं परवडत नाही. ते हिला चित्र पाठवतात, ही प्रोग्राम लिहून पाठवते. स्वयंपाकघराच्या बाहेर तिचं टेबल आहे. कुकरच्या शिट्ट्या मी मोजते, कारण ती तेव्हा आकडे मोजत असते.

"मशीन ऐकत नाही का गं कधी?" मी एकदा विचारलं होतं.

"ऐकतं अत्ते. लिहिलेलं सगळं ऐकतं," ती म्हणाली. "त्याचीच भीती वाटते मला."

प्रत्येक प्रोग्रामच्या वर ती श्री लिहिते. हे माझं शिकवणं. मी चौथीपर्यंत शिकले, पण पत्राच्या, वहीच्या माथ्यावर श्री काढल्याशिवाय खाली काही लिहायचं नाही आणि काढलेला श्री पुसायचा नाही, एवढं मला पक्कं येतं. तिने इंग्रजी अक्षरांत, कंसात श्री लिहायला सुरुवात केली. कंसातलं मशीन वाचत नाही, सोडून पुढे जातं. मशीनला देव लागत नाही, आपल्याला लागतो. पण तो श्री पुसायचा नाही, म्हणून तिची एक पद्धत पडून गेली. नवीन काम आलं की आदल्या कामाची फाईल घ्यायची, तिची नक्कल करायची, वरचा भाग तसाच ठेवायचा आणि खालचं खोडून नवीन लिहायचं. वरच्या भागाला ती डोकं म्हणते. श्री आणि त्याखालच्या मशीन चालू करायच्या नेहमीच्या ओळी, एवढं मिळून डोकं. डोक्याला ती कधी हात लावत नव्हती.

आता पूजेचं सांगते. आयुधपूजेला इथे मशीनला झेंडूच्या माळा घालतात, केळीचे खुंट बांधतात, हळदकुंकू लावतात. गाड्यांच्या चाकाखाली लिंबू ठेवतात आणि दारात कोहळा फोडतात. यंदा मल्लाप्पाच्या डोक्यात आलं की दर वर्षी आपण लिंबू सुरीने कापतो, तर पूजा मशीनची आणि मान सुरीचा, हे काय बरोबर नाही. लिंबू मशीननेच घ्यायचं. त्याने अलकाला सांगितलं, अलकाने तसं लिहून दिलं. नेहमीचं डोकं, त्यात एक ओळ जास्त, आणि मग मशीन बंद. ती जास्तीची ओळ म्हणजे, टूल, लोखंड कापणारं ते हत्यार, वरून थेट खाली, पुऱ्या वेगाने, वाईसच्या तळापर्यंत. वाईस म्हणजे लोखंडाचा तुकडा घट्ट धरून ठेवणारा चिमटा. पूजेच्या दिवशी त्यात तुकडा नव्हता, तळाशी फक्त लिंबू होतं.

मी गेले होते पूजेला. संताजीने बटण दाबलं आणि ते टूल खाली आलं ते मला दिसलंच नाही. आधी वर होतं, मग खाली होतं. लिंबाचा रस संताजीच्या चष्म्यावर उडाला. सगळे हसले, मल्लाप्पाने नमस्कार केला. अलका तेवढी हसली नाही. "किती जोरात गेलं," ती मला म्हणाली. मी म्हटलं, तूच लिहिलंस ना. "लिहिताना एवढं वाटलं नव्हतं," ती म्हणाली.

सण संपला आणि शेडी उघडायचा दिवस आला. संताजी सकाळी डबा घेऊन मेट्रोने गेला. मी पालेभाजी निवडत बसले होते. अलकाचा फोन वाजला. बोम्मसंद्र्याचा देवव्रत होता. नागपूरकडचा मुलगा, नवीनच शेड टाकलेली, तीन शिफ्ट चालवतो म्हणून सगळ्यांच्या आधी सुरू करतो. अलका फोन टेबलावर ठेवून, स्पीकर लावून बोलते, त्यामुळे मला दोन्ही बाजू ऐकू येतात.

"वहिनी, ते नवीन जॉबचं टूल फुटलं ना पहिल्याच फटक्यात," तो म्हणाला. "तुकडा पत्र्याच्या भिंतीतून बाहेर गेला."

"कुणाला लागलं?"

"नाही. ऑपरेटर चहाचा कप ठेवायला वळला होता. नाहीतर थेट तोंडावर होतं. टूलच खराब असणार वहिनी. दुसरं लावून बघतो."

"लावू नका. हात लावू नका," अलका म्हणाली. "प्रोग्रामच्या पहिल्या ओळी वाचा मला."

तो वाचू लागला. श्री म्हणाला. मग दोन ओळी अक्षरं आणि आकडे. मग आणखी एक ओळ वाचली आणि अलकाने टेबलाची कड धरली. तिचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. चुन्याची भिंत ओली झाली की जो रंग होतो तसा काहीतरी.

"ती ओळ माझी चूक आहे," ती देवव्रतला म्हणाली. "टूल चांगलं होतं. मशीन बंद ठेवा, मी दुरुस्त करून पाठवते."

फोन ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली.

"काय झालं?"

"लिंबाची ओळ, अत्ते."

मग तिने सांगितलं ते असं. पूजेची फाईल तिने सणाच्या आधीच लिहून ठेवली होती, कारण ती सगळंच आधी करून ठेवते. त्यानंतर सणापूर्वी कामांची घाई उडाली. सगळ्यांना शेड उघडल्या दिवशी नवीन जॉब, म्हणजे नवीन कामं, मशीनवर लावायचे होते. हिने पद्धतीप्रमाणे शेवटची फाईल घेतली, डोकं ठेवलं, खालचं खोडलं. शेवटची फाईल पूजेची होती. लिंबाची ओळ डोक्यात होती.

"पण तू तर पडद्यावर बघतेस ना, टूल कसं फिरतं ते?"

"बघते. पण मी वरून बघते अत्ते. वरून पाहिलं तर सरळ खाली जाणारी रेघ म्हणजे नुसता ठिपका. इतक्या रेघांत तो ठिपका मला दिसला नाही."

"आणि आता तिथे लिंबू नाही."

"आता तिथे लोखंडाचा ठोकळा आहे."

"संताजी?"

तिने फोन उचलला. संताजीचा फोन वाजत राहिला. शेडमध्ये कामाच्या वेळी सगळ्यांचे फोन दाराजवळच्या पेटीत ठेवायला लागतात, मल्लाप्पाचा नियम. मल्लाप्पाला लावला तर तो लागेना, तो पूजा आटोपून सणाला गावी गेलेला, परतीच्या वाटेत कुठेतरी घाटात असणार. मग तिने दुसऱ्या एका शेडवाल्याला लावला. तो म्हणाला, मॅडम, माझ्याकडे तुमचे इतके प्रोग्राम आहेत, कुठला खराब आहे ते सांगा. सगळं बंद ठेवा म्हणता, माझी गाडी दुपारी जायची आहे.

"कुठला ते मला माहीत नाही," अलका म्हणाली.

"मग माहीत झालं की फोन करा," तो म्हणाला आणि फोन ठेवून दिला. त्याचंही चुकलं असं म्हणवत नाही मला.

ती एकेक फाईल उघडून बघायला लागली. उघडायची, वर जायचं, वाचायचं, बंद करायची. घाईत उघडलेलीच पुन्हा उघडत होती, संताजीची आधी बघावी हेही तिला सुचत नव्हतं. त्या लॅपटॉपात तिची कित्येक वर्षांची कामं आहेत, आणि नक्कल करताना कुठली कुठून घेतली हे कुणाला आठवतं. मी निवडलेली भाजी पुन्हा निवडत होते. पीण्यात एकेक शेड उघडत असणार, कुणीतरी बटणाकडे हात नेत असणार, आणि मशीनचं दार उघडंच असणार. दार लावून काम करायचं असतं. कुणी लावत नाही. संताजीही लावत नाही, मला ठाऊक आहे.

तेवढ्यात वरची स्वानंदी वाटी घेऊन आली. ही आमची भाडेकरू, पुण्याची, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे.

"आजी, थोडं विरजण मिळेल का? माझं दही सॉलिड फसलंय."

मग तिने अलकाकडे पाहिलं आणि वाटी खाली ठेवली. अलकाने तिला सांगितलं, मधेच आवाज अडकत होता, तरी सांगितलं.

"ताई, एकेक उघडून नाही होणार हे. सरका जरा," स्वानंदी म्हणाली. तिने काहीतरी दाबलं आणि लॅपटॉपवर काळी खिडकी उघडली. नुसती काळी. चित्र नाही, काही नाही, कोपऱ्यात एक पांढरी रेघ उघडमीट करत होती. मला ते बघूनच कसंतरी झालं. "आमच्याकडे ह्याला ग्रेप म्हणतात, तुमच्या लॅपटॉपवर नाव वेगळं, काम तेच. आपण शब्द द्यायचा. तो कुठल्या कुठल्या फाईलमध्ये आहे ते हा सांगतो. फाईल उघडायची गरजच नाही. काय शोधायचं?"

"श्री शोध," मी म्हणाले. "श्रीच्या खाली आहे ना ती ओळ."

स्वानंदीने श्री लिहिला. ती काळी खिडकी नावांनी भरली आणि नावं वर पळायला लागली, थांबेचनात. मला वाटलं, एवढ्या सगळ्यांत आहे लिंबू. मी भिंतीला टेकले.

"अत्ते, श्री सगळ्यांतच आहे. लिंबू सगळ्यांत नाही," अलका म्हणाली. तिचा आवाज जरा जाग्यावर आला होता. कामाचं बोलायला लागली की तो येतो. "स्वानंदी, ती ओळच देते मी. अख्खी ओळ. एवढ्या खोल इतक्या वेगाने मी कुठल्याच जॉबला पाठवत नाही, ती फक्त लिंबाचीच असणार."

तिने एकेक अक्षर सांगितलं, स्वानंदीने लिहिलं, आणि लिहिलेलं अलकाला परत वाचून दाखवलं. मग दाबलं. ह्या वेळी थोडीच नावं आली. अलका बोट ठेवून वाचत गेली. मल्लाप्पाचं फक्त पूजेचं होतं, ते होऊन गेलेलं. नवीन जॉब त्यात नव्हता.

"संताजीचं नाही," मी म्हणाले. मी त्या वाटीत विरजण घालायला उठलेसुद्धा.

अलका अजून वाचत होती. वरून खाली, मग खालून वर. गॅसचा नॉब बघते तशी.

"देवव्रत कुठाय ह्यात?" ती म्हणाली.

"कोण?"

"बोम्मसंद्रा. ज्याचं फुटलं तो. त्याच्या फाईलमध्ये ती ओळ आहे, आत्ताच त्याने मला वाचून दाखवली. मग तो ह्यात का नाही?"

स्वानंदीने पडद्याकडे पाहिलं. "तुम्ही गिऱ्हाइकांच्या फायली कुठे ठेवता ताई?"

"प्रत्येकाचा वेगळा फोल्डर आहे. आतमध्ये."

"मग मी बाहेरचीच खोली शोधली," स्वानंदी म्हणाली. "सॉरी. आतल्या खोल्यांत पण जा, असं त्याला सांगायला लागतं. मी सांगितलंच नाही." तिने ओळीत एक छोटंसं काहीतरी वाढवलं आणि पुन्हा दाबलं.

ह्या वेळी तो जरा थांबला. एकेका खोलीत जाऊन बघत असणार. मग नावं यायला लागली, एक आलं की थोडं थांबून दुसरं. देवव्रत आला. मग आणखी कोण कोण आले. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण मल्लाप्पाच्या शेडचं नाव त्याच्या पाटीवर इतकी वर्षं बघितलंय, त्याचा आकार मी ओळखते. तो आकार आला. त्याच्यापुढे नवीन जॉबचा नंबर होता आणि ओळ कितवी तोही आकडा.

माझ्या नाकात तो तेलाचा वास आला.

अलकाने पुन्हा संताजीला फोन लावला. पुन्हा वाजत राहिला. पेटीत वाजत असणार, बाकीच्यांच्या फोनांच्या खाली.

"मी जाते," ती म्हणाली आणि उठली.

"मेट्रोने पोचेपर्यंत?" मी म्हणाले. "बस. बाकीच्यांना फोन कर. तो आकडा बघून सांग त्यांना. संताजीचं मी बघते."

मी काय बघणार होते मला माहीत नव्हतं. मग ज्योतिबाची आठवण झाली. मल्लाप्पाच्या शेडच्या गल्लीच्या तोंडाशी ह्या ज्योतिबाची बेकरी आहे. संताजी आठवड्यातून एकदा तरी डबा विसरतो, मग मी ज्योतिबाला फोन करून सांगते, त्याला दोन बन दे. त्यासाठी त्याचा नंबर माझ्या फोनात आहे, नावापुढे बनाचं चित्र लावून.

"अज्जी, आज पण विसरला का डबा?" ज्योतिबा म्हणाला.

"डबा नेलाय. तू दुकान सोड आणि शेडमध्ये जा."

"अज्जी, गिऱ्हाईक आहे."

"गिऱ्हाइकाला बरोबर घे. संताजीला सांग, मशीनला हात लावू नको. अलकाने सांगितलंय म्हण. पळ. आणि फोन बंद करू नको, तसाच हातात धर."

तो पळाला असावा. फोनमध्ये पंख्याचा आवाज होता तो गेला. रस्ता आला, हॉर्न आले. एक लॉरी मागे येत होती, तिची पीपी वाजत होती, आणि ज्योतिबा कुणाला तरी "सरी, सरी, बाजूला व्हा," म्हणत होता. इकडे अलका दुसऱ्या फोनवर होती. "चौथी ओळ काढा. हो, माझीच चूक. चौथी ओळ." स्वानंदी एकेक नाव वाचत होती, एक झालं की पुढचं. तिचा स्वतःचा फोन वाजत होता, ऑफिसचा, तिने तो उलटा करून ठेवला.

मग माझ्या कानात शेड आली. ती घरघर मी ओळखते. इतकी वर्षं ह्यांना डबा द्यायला गेले आहे. ज्योतिबा काहीतरी ओरडत होता, पण त्या घरघरीत त्याचं काही कळत नव्हतं. संताजी म्हणाला असं मला वाटलं, आणि त्याच वेळी लोखंडावर लोखंड आदळल्याचा आवाज झाला. मोठा. एकच.

त्यानंतर ज्योतिबाचा आवाजच नाही.

अलका माझ्याकडे बघत होती. तिच्या फोनवरचा माणूस हॅलो हॅलो करत होता. ती खुणेने विचारत होती, काय, काय. मी फोन कानाला घट्ट दाबून धरला होता, इतका की नंतर कान दुखत होता. मी आमच्या ह्यांच्या हाताचा विचार करत होते. मग हातापेक्षा वाईट विचार आला, तो मी इथे सांगत नाही.

"अज्जी," ज्योतिबा म्हणाला. "इथे आवाज फार आहे हो, तुम्ही काय म्हणता ऐकू येत नाही."

"तो आवाज कसला झाला?"

"कुठला? ते होय. कुणीतरी लोखंडी पट्ट्या खाली टाकल्या. थांबा, देतो."

"आई?" संताजी म्हणाला. "काय झालं? अलका बरी आहे ना?"

मी खाली बसले. अलकाने माझ्या हातातून फोन घेतला आणि मोठ्या आवाजात केला.

"प्रोग्राम चढवला?"

"चढवलाय."

"सुरू केला?"

"अगं कुठलं सुरू. मघापासून कुंकू पुसतोय. पूजेला कुणी तेलात कालवून लावलं की काय, वाईसच्या फटीत घट्ट बसलंय. ते निघाल्याशिवाय जॉब सरळ बसायचा नाही. आत्ताच बसवला. बटण दाबणार तेवढ्यात हा बनवाला आला बोंबलत."

"मागे सर."

"काय?"

"संताजी, मशीनपासून मागे सर. दार उघडं आहे ना?"

तो म्हणाला, "झेंडूची माळ अडकते दारात."

"माळ काढ. दार लाव. आणि मग पडद्यावर पहिल्या ओळी वाच."

त्याने वाचलं. श्री. मग पुढची. मग पुढची. चौथ्या ओळीला तो थांबला. त्याच्यामागे शेडची घरघर चालूच होती.

"ही लिंबाची आहे," तो म्हणाला.

"हो."

"मी इथे तोंड घालूनच उभा होतो गं. जॉब नीट बसलाय का बघत."

अलकाने फोन माझ्याकडे दिला आणि स्वानंदीला म्हणाली, "पुढचं नाव वाच."

यादीतलं शेवटचं नाव संपेपर्यंत ती उठली नाही. एकाने तिला नको ते ऐकवलं. पुन्हा तुमच्याकडे काम पाठवणार नाही म्हणाला, आणि तो खरंच पाठवत नाही. ती ऐकून घेत होती. नवीन फाईल पाठवते, जुनी चुकून गेली, असं काहीतरी म्हणून वेळ मारून नेता आली असती. ती प्रत्येकाला म्हणाली, चूक माझी आहे, चौथी ओळ पूजेची आहे, ऑपरेटरला आधी बाजूला करा आणि मग काढा. सगळे सापडले. कुणाला लागलं नाही. स्वानंदी विरजण न घेताच मीटिंगला पळाली, वाटी मी वर नेऊन दिली.

संध्याकाळी संताजी आला. त्याला काही बोलायचं होतं, काहीतरी चेष्टा तयार करून आला होता, मला त्याच्या तोंडावर दिसत होतं. अलकाने त्याला चपला काढू दिल्या नाहीत. त्याचे दोन्ही हात धरून उलटेसुलटे करून बघितले, बोटांच्या मधेसुद्धा. फटीफटीत कुंकू बसलं होतं, रक्तासारखं. ती त्याला मोरीत घेऊन गेली आणि साबणाने ते घासत राहिली. चेष्टा त्याच्या तोंडातच राहिली.

मी तिला म्हणाले, श्री लिहायचं सोडून दे आता, देव रागावणार नाही.

"श्रीचं काय चुकलं अत्ते," ती म्हणाली. "मी तो लिहीतच नव्हते. चिकटवत होते."

आता ती प्रत्येक फाईल कोरी घेऊन सुरू करते आणि श्री हाताने लिहिते, एकेक अक्षर दाबून. पाठवायच्या आधी ती काळी खिडकी उघडते आणि लिंबाची ओळ शोधते, आतल्या सगळ्या खोल्यांत. पूजेची ती फाईल तिने पुसून टाकलेली नाही. सगळ्यात आतल्या खोलीत मुद्दाम ठेवली आहे, नावातच सांगून की ही कुणाला पाठवायची नाही. शोधलं की तेवढं एक नाव आलं पाहिजे. ते आलं, तरच बाकी कुठे नाही ह्यावर ती विश्वास ठेवते. ते नाव येईपर्यंत तिचा श्वास अडकलेला असतो, मी बघत असते. रोज बघते आणि रोज मलाही तसंच होतं.

परवा आम्ही दोघी बाजारात निघालो होतो. चप्पल घालून झाल्यावर अलका गॅसचा नॉब बघायला परत आली. मी तिथे आधीच उभी होते, नॉबवर हात ठेवून.